सात दिवसांची वही: रक्तदाब ओळखण्याची आणि आटोक्यात ठेवण्याची रीत

वाढलेला रक्तदाब बहुतेकांना जाणवतच नाही. डोके जड होणे, मान आखडणे, राग अनावर होणे किंवा चेहरा लालबुंद होणे अशा खुणांवरून "बीपी वाढला असेल" असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. पण या खुणांवरून रक्तदाब आहे असेही सांगता येत नाही आणि नाही असेही सांगता येत नाही. १७०/१०० इतका दाब अंगात घेऊन माणसे वर्षानुवर्षे शेतात राबतात, लोकलने ये-जा करतात, लग्नकार्यांत उठबस करतात आणि मग एके दिवशी पहिले लक्षण म्हणून थेट हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात समोर उभा राहतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ वर्षे व त्यावरील स्त्रियांपैकी सुमारे २१ टक्के आणि पुरुषांपैकी सुमारे २४ टक्के जणांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा त्यासाठी औषध चालू होते. चारपाच मोठी माणसे असलेल्या घरात त्यांपैकी एकाला हा त्रास असणे, असे हे प्रमाण आहे.

म्हणून रक्तदाब ओळखण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे मोजणे. मात्र एकदा मोजून आलेला एक आकडा म्हणजे आपला रक्तदाब नव्हे. माझ्या आईचा रक्तदाब पहिल्यांदा मोजला गेला तो एका दवाखान्यात, दोन जिने चढून गेल्यावर, पाऊण तास रांगेत ताटकळल्यावर आणि डॉक्टरांच्या प्रश्नांना उत्तरे देत असताना. यंत्राने १६४/९४ दाखवले आणि घरात घबराट झाली. दुसऱ्याच दिवशी एका नातेवाइकाने "दवाखान्यात सगळ्यांचाच वाढतो, सोडून दे" असे म्हटल्यावर सगळे निर्धास्तही झाले. प्रत्यक्षात घाबरणेही चुकीचे होते आणि निर्धास्त होणेही. तिचा खरा रक्तदाब किती, हे कळायला एक शंभर पानी वही आणि सात दिवस लागले. ती वही कशी ठेवायची आणि तिच्या आधाराने पुढे काय करायचे, हे पुढे सविस्तर दिले आहे.

आकडे काय सांगतात

हृदय आकुंचन पावून रक्त बाहेर ढकलते तेव्हा धमन्यांवर पडणारा दाब हा वरचा आकडा, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय सैल पडते तेव्हाचा दाब हा खालचा. दोन्ही मिलिमीटर पारा या मापात सांगतात. दवाखान्यात नीट मोजलेला रक्तदाब वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्याहून जास्त येत राहिला, तर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात, आणि आपल्याकडचे सरकारी कार्यक्रम हीच रेषा मानतात. दोन्हींपैकी एक आकडा जरी रेषेपलीकडे असला तरी पुरे; "खालचा नॉर्मल आहे ना, मग काळजी नाही" हा समज, विशेषतः साठीच्या पुढे, महागात पडतो, कारण त्या वयात धमन्या ताठर झाल्याने पुष्कळांचा फक्त वरचा आकडाच वाढलेला असतो.

घरी, निवांतपणे मोजलेल्या रक्तदाबासाठी ही रेषा खाली येते, म्हणजे सरासरी १३५/८५. अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१७ साली ती आणखी खाली, १३०/८० वर आणली. रेषा कुठे आखायची यावर मतभेद असले तरी त्यामागचे कारण सर्वांना मान्य आहे. ४० ते ६९ या वयात ११५/७५ पासून पुढे वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने वाढला की हृदयविकाराने आणि पक्षाघाताने मरण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. जास्त दाबाविरुद्ध रोज लाखभर वेळा आकुंचन पावून हृदयाचा डावा कप्पा जाड आणि ताठर होत जातो, पुढे तो दमतो. त्याच वेळी हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या आतल्या नाजूक अस्तराला इजा होऊन तिथे चरबी साचू लागते. उलट बाजूही तितकीच पक्की आहे. वरचा आकडा १० ने खाली आणला तर हृदयविकार, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना सुमारे एक पंचमांशाने कमी होतात, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून दिसले आहे.

यंत्र आणि पट्टा

तिशीनंतर प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजून घ्यावा. गावात उपकेंद्रात, आयुष्मान आरोग्य मंदिरात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात तो मोफत मोजतात. घरच्या सात दिवसांसाठी मात्र स्वतःचे यंत्र असणे सोयीचे. ते विकत घेणे शक्य नसेल तर दोन-तीन घरांत मिळून एक यंत्र घेतले तरी चालते.

यंत्र दंडावर पट्टा बांधायचे, आपोआप हवा भरणारे आणि आकडे साठवून ठेवणारे असावे. मनगटावरची यंत्रे हाताच्या जरा वरखाली होण्याने चुकतात, आणि रक्तदाब दाखवणाऱ्या घड्याळांवर औषधाचे निर्णय सोपवावेत इतका भरवसा अजून ठेवता येत नाही. जुने पाऱ्याचे यंत्र घरात असले तरी ते जपून बाजूला ठेवावे. ते वापरायला स्टेथोस्कोपने आवाज टिपणारा सरावाचा कान लागतो, आणि फुटलेल्या नळीतला पारा विषारी असतो.

यंत्राच्या किमतीपेक्षा पट्ट्याच्या मापाकडे जास्त लक्ष द्यावे. शिवणकामाची टेप घेऊन खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मधोमध दंडाचा घेर मोजावा. यंत्रासोबत येणारा पट्टा साधारणपणे २२ ते ३२ सेंटिमीटर घेरासाठी असतो आणि ते माप त्यावर छापलेले असते. दंड त्याहून जाड असेल तर मोठा पट्टा वेगळा मागून घ्यावा, कारण लहान पट्टा रक्तदाब खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो, आणि फारच जाड दंडावर ही चूक २० मिलिमीटरच्या आसपास जाऊ शकते. दंड बारीक असताना सैल, मोठा पट्टा बांधला तर उलटे होते आणि वाढलेला दाब लपून राहतो. औषधाच्या दुकानात यंत्र घेताना सहसा कोणी दंड मोजत नाही, म्हणून हे काम घरूनच करून जावे.

नवे यंत्र आणल्यावर पहिल्या दिवशी दोन्ही दंडांवर मोजावे. थोडा फरक असतोच. ज्या हाताचा आकडा जास्त येतो तोच हात पुढे कायम वापरावा. फरक प्रत्येक वेळी १० ते १५ पेक्षा जास्त येत असेल तर ते वहीत लिहून डॉक्टरांना आवर्जून दाखवावे.

बसायचे कसे, मोजायचे कसे

सकाळी उठल्यावर तासाभराच्या आत, लघवीला जाऊन आल्यावर, पण चहा, नाश्ता आणि बीपीची गोळी घेण्याआधी पहिली मोजणी करावी. संध्याकाळची मोजणी रात्रीच्या जेवणाआधी करावी. त्याआधीच्या अर्ध्या तासात चहा-कॉफी, तंबाखू, विडी-सिगारेट, मिसरी आणि व्यायाम यांपैकी काहीही नको. मिसरीचे वेगळे सांगावे लागते, कारण सकाळी दात घासणे म्हणून ती लावणाऱ्या बायकांना ती तंबाखू आहे असे वाटतच नाही. पण तिच्यातले निकोटीन काही मिनिटांत रक्तदाब चढवते.

पाठ टेकेल अशा खुर्चीवर बसावे. पलंगाच्या कडेवर, स्टुलावर किंवा जमिनीवर मांडी घालून बसल्यास आकडा बदलतो. दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट असावेत, पायावर पाय नको. हात टेबलावर असा ठेवावा की पट्टा छातीच्या मध्याच्या, म्हणजे हृदयाच्या, उंचीवर येईल. टेबल बुटके असेल तर हाताखाली उशी किंवा घडी केलेली चादर घालावी. हात लोंबता ठेवला आणि पट्टा हृदयापेक्षा १० सेंटिमीटर खाली गेला तर नुसत्या रक्ताच्या वजनाने आकडा सात-आठ मिलिमीटरने जास्त येतो. पट्टा उघड्या दंडावर, त्याची खालची कड कोपराच्या घडीपासून दोन बोटे वर राहील असा बांधावा. बाही वर सरकवून तिचा पीळ दंडावर आवळत असेल तर हात सरळ बाहीतून बाहेर काढावा. मग पाच मिनिटे गप्प बसावे, आणि ही पाच मिनिटे घड्याळ लावून मोजावीत, कारण नुसत्या अंदाजाने ती दोनच होतात.

गप्प बसण्याचे महत्त्व मला आईच्या मोजणीत दिसले. पहिल्या संध्याकाळी पट्ट्यात हवा भरत असतानाच तिला दूध आठवले आणि तिने विचारले, "गॅस बारीक केलास ना रे?" यंत्राने १५१ दाखवले. दूध उतरवून, पुन्हा पाच मिनिटे बसवून, काही न बोलता मोजले तेव्हा १४२ आले. तेव्हापासून आमच्याकडे मोजणीच्या वेळी गॅस बंद, टीव्ही बंद आणि फोन दुसऱ्या खोलीत असतो. यात अतिरेक वाटेल, पण नऊ मिलिमीटरचा फरक हा कधीकधी एका गोळीइतका फरक असतो.

एका बैठकीत दोनदा मोजावे, मध्ये एक मिनिट जाऊ द्यावे आणि दोन्ही आकडे जसेच्या तसे लिहावेत. "हा जरा जास्तच आला, परत बघू" असे म्हणत मनासारखा आकडा येईपर्यंत मोजत बसणे ही फसवणूक आहे, आणि ती आपलीच असते. यंत्रावर अनियमित ठोक्यांची खूण वारंवार दिसत असेल तर तीही लिहावी, कारण ठोक्यांची लय बिघडण्याचा एक प्रकार पक्षाघाताला कारण होतो आणि त्याचे निदान साध्या ईसीजीने होऊ शकते. चक्कर येत असेल, मधुमेह असेल किंवा वय सत्तरीपुढे असेल तर आठवड्यात एकदा उभे राहूनही मोजावे, उठल्यावर एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा बसल्यापेक्षा २० किंवा त्याहून जास्त घसरत असेल तर पडण्याचा धोका असतो आणि औषध त्या बेताने द्यावे लागते.

वही

वहीच्या पानावर पाच रकाने आखावेत: तारीख, वेळ, पहिला आकडा, दुसरा आकडा, शेरा. शेऱ्यात रात्रीची झोप, दुखणे, विसरलेली गोळी, उपास, प्रवास असे जे वेगळे घडले असेल ते दोन शब्दांत लिहावे. सात दिवस, सकाळ-संध्याकाळ, प्रत्येकी दोनदा असे २८ आकडे जमतात. पहिल्या दिवसाचे चार सोडून द्यावेत, कारण नवखेपणामुळे ते बहुधा चढे असतात. उरलेल्या २४ वरच्या आकड्यांची बेरीज करून तिला २४ ने भागावे, तसेच खालच्यांचे करावे.

आईच्या वहीत वरच्यांची बेरीज ३३३६ आणि खालच्यांची २०६४ आली, म्हणजे सरासरी १३९/८६. दवाखान्यात हाच आकडा आला असता तर "१४०/९० च्या आत आहे" म्हणून सगळे उठून घरी आले असते. घरच्या मोजणीसाठी रेषा १३५/८५ आहे, म्हणून तो रेषेपलीकडचा ठरतो. दवाखान्यातल्या १६४ इतका तो भीतिदायक नव्हता, पण नातेवाइकाने म्हटल्याप्रमाणे सोडून देण्याजोगाही नव्हता. दवाखान्यात वाढलेला आणि घरी खरोखर नेहमीसारखा, अशीही माणसे असतात; त्यांना लगेच गोळी लागत नाही, मात्र त्यांनी दरवर्षी असा एक आठवडा मोजावा. याच्या नेमके उलट, दवाखान्यात चांगला आणि घरी वाढलेला, असा प्रकार अधिक धोक्याचा, कारण तो वही ठेवल्याशिवाय सापडतच नाही.

दवाखान्यातला आकडा १८०/११० किंवा त्यापुढचा असेल तर सात दिवसांची वाट पाहू नये, डॉक्टर सांगतील ते उपचार लगेच सुरू करावेत. गरोदर स्त्रीचा रक्तदाब १४०/९० किंवा जास्त आला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तिथे वहीचा प्रश्न येत नाही.

निदान झाल्यावर रोज दहा वेळा मोजण्याची सवय लावून घेऊ नये. औषध नुकतेच सुरू झाले असेल किंवा बदलले असेल तर दोन ते चार आठवड्यांनी, आणि एरवी डॉक्टरांकडे जाण्याच्या आधीचा एक आठवडा पूर्ण मोजावा. मधल्या काळात आठवड्यातून एक-दोनदा पुरते.

डॉक्टरांकडे जाताना

वहीसोबत घरात चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटे पिशवीत घालून न्यावीत, नुसती नावे सांगू नयेत. कारण रक्तदाब चढवणाऱ्या कितीतरी वस्तूंना आपण औषध समजत नाही किंवा धरत नाही. गुडघेदुखीसाठी रोज घेतलेल्या डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनच्या गोळ्या, चोंदलेले नाक मोकळे करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या, स्टेरॉइड, काही संततिनियमनाच्या गोळ्या, पाण्यात फेसाळणाऱ्या गोळ्या आणि पित्तावर घेतलेला खायचा सोडा, हे सगळे या यादीत येतात. ज्येष्ठमधही येतो. खोकल्यासाठी दोन दिवस काडी चघळली तर बिघडत नाही, पण महिनोन्‌महिने काढा घेतला तर शरीरात मीठ साचते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब वाढतो.

पहिल्या भेटीत लघवीतील प्रथिने, रक्तातील क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, साखर, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी या तपासण्या झालेल्या बऱ्या. त्या फार खर्चिक नाहीत आणि त्यांतून दोन गोष्टी कळतात: मूत्रपिंड व हृदयावर आधीच परिणाम झाला आहे का, आणि रक्तदाब दुसऱ्याच एखाद्या आजाराचे लक्षण आहे का. वय तिशी-चाळिशीच्या आत असेल, औषध नसतानाच पोटॅशियम कमी असेल, तीन औषधे घेऊनही दाब उतरत नसेल, किंवा रात्री जोरात घोरताना श्वास मध्येच थांबतो असे शेजारी झोपणारे माणूस सांगत असेल, तर दुसऱ्या कारणाचा शोध घ्यावा, असे आपणहून सुचवावे.

मिठाचा हिशेब

"आम्ही मीठ कमीच खातो" हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येते, म्हणून ते तपासण्याची एक साधी युक्ती सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते एका माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याहून कमी मीठ खावे. चार माणसांचे २० ग्रॅम होतात. म्हणजे मिठाचा एक किलोचा पुडा चार जणांच्या घरात निदान ५० दिवस चालायला हवा. नवा पुडा फोडाल त्या दिवशी त्यावर पेनने तारीख लिहा आणि तो कधी संपतो ते पाहा. आमचा पहिला पुडा २८ दिवसांत संपला, तेव्हा माणशी जवळजवळ ९ ग्रॅम होत होते. भाताच्या पाण्यात, कणकेत, भाजीत, कोशिंबिरीत आणि ताकात असे ते पाच ठिकाणी जात होते. भात आणि कणकेतले मीठ आधी थांबवले, कारण त्यांच्यासोबत खाल्ल्या जाणाऱ्या आमटी-भाजीत ते असतेच. पंधरा दिवस जेवण अळणी लागले, नंतर जिभेची तक्रार थांबली.

या हिशेबात बाहेरचे मीठ धरलेले नाही. लोणचे, पापड, सुके बोंबील, फरसाण, खारी, ब्रेड, सॉस आणि मिसळीवरची शेव यांचे मीठ वेगळे. पापडात मिठाखेरीज पापडखारही असतो आणि त्यातही सोडियमच असते. उपासाचे सैंधव हा तर मोठाच गैरसमज आहे; रंग गुलाबी असला तरी ते जवळजवळ सगळे सोडियम क्लोराइडच असते, त्यामुळे ते सढळ हाताने घालण्याचा काही फायदा नाही, शिवाय बऱ्याचदा त्यात आयोडीनही नसते.

कमी सोडियमचे मीठ म्हणून मिळणारा प्रकार मात्र खरोखर उपयोगी आहे. त्यात काही भाग पोटॅशियम क्लोराइड असते. चीनच्या ग्रामीण भागात सुमारे २१,००० लोकांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पाच वर्षे असे मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघाताचे प्रमाण सुमारे १४ टक्क्यांनी कमी आढळले. परंतु मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी, आणि टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल, रॅमिप्रिल किंवा स्पिरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये, कारण रक्तातले पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

बाकीच्या सवयींबद्दल बहुतेकांना माहीत असते, म्हणून थोडक्यात लिहितो. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतक्या वेगाने चालावे. वाढलेले वजन उतरवले तर किलोमागे साधारण एक मिलिमीटर दाब उतरतो. डाळी, पालेभाज्या, फळे आणि साय काढलेले दूध-ताक यांचे प्रमाण वाढवावे. दारू जितकी कमी तितके बरे. तंबाखू सर्व रूपांत सोडावी. तिने कायमचा रक्तदाब फारसा बदलत नसला तरी हृदयाच्या धमन्यांचे नुकसान ती स्वतंत्रपणे करते, आणि आपली सगळी खटपट हृदयासाठीच तर चालली आहे.

गोळी

"एकदा गोळी सुरू झाली की आयुष्यभर मागे लागते" या भीतीने गोळी टाळणारे पुष्कळ असतात. गोळी मागे लागत नाही, आजार लागलेला असतो. चष्मा काढला की अक्षर पुन्हा पुसट दिसते, म्हणून चष्म्याची सवय लागली असे कोणी म्हणत नाही. आणि आकडा चांगला आला म्हणून गोळी बंद करण्याची चूक तर शिकलेली माणसेही करतात; आकडा चांगला आला तो गोळीमुळे, हे वहीतले पुढचे दोन आठवडे दाखवून देतात. वजन आणि मीठ खरोखर कमी केल्यावर मात्रा घटू शकते, पण ती डॉक्टरांनी वही पाहून घटवावी. अटेनोलोल, मेटोप्रोलोल आणि क्लोनिडिन ही औषधे तर अचानक थांबवणे धोक्याचे असते.

औषधे महाग किंवा अवघड नाहीत. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७-१८ साली पाच राज्यांतल्या २५ जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांत महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे होते. त्याचा गाभा अगदी साधा होता: ठरलेल्या क्रमाने वाढवायची मोजकी औषधे, ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन यांसारखी, महिन्याची औषधे एकदम, घराजवळच्या केंद्रात, आणि प्रत्येक रुग्णाची एक नोंद. सरकारी केंद्रांत ती मोफत आणि जनऔषधी दुकानांत अत्यंत स्वस्त मिळतात. दाब बराच वाढलेला असल्यास दोन औषधे कमी मात्रेत एकत्र दिली जातात, त्यामुळे दोन गोळ्या म्हणजे आजार दुप्पट असे समजू नये. उद्दिष्ट बहुतेकांसाठी निदान १४०/९० च्या खाली, आणि झेपत असेल तर, विशेषतः मधुमेह किंवा हृदयविकार असल्यास, १३०/८० च्या खाली असते. फार वृद्ध आणि थकलेल्या माणसांसाठी डॉक्टर ते सैल करतात.

प्रत्येक गोळीचा थोडाफार त्रास होऊ शकतो आणि तो आधी माहीत असला की माणूस परस्पर गोळी सोडत नाही. ॲम्लोडिपिनने संध्याकाळी घोट्यांवर सूज येते. एनालाप्रिल, रॅमिप्रिलने कोरडा खोकला येतो, जो खोकल्याच्या औषधाने जात नाही आणि गोळी बदलली की जातो. क्लोरथॅलिडोनने सोडियम-पोटॅशियम घटू शकते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, किंवा जुलाब-उलट्या चालू असताना, गळून गेल्यासारखे वाटले किंवा पायांत गोळे आले तर लगेच विचारावे. टेल्मिसार्टन आणि त्या गटातली औषधे गरोदरपणात चालत नाहीत, म्हणून मूल हवे असणाऱ्या स्त्रीने ते आधीच सांगावे. गोळी रोज एकाच वेळी, एखाद्या पक्क्या सवयीला बांधून घ्यावी. आई देवापुढे दिवा लावला की घेते, आणि तिचा दिवा कधी चुकत नाही.

मुळ्या आणि काढ्यांबद्दल लोक हमखास विचारतात, त्यातही सर्पगंधेबद्दल. ही वनस्पती रक्तदाब उतरवते हे खरे आहे, आणि ते आधुनिक वैद्यकापुढे पद्धतशीरपणे मांडण्याचे काम मुंबईतच झाले. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली आपल्या रुग्णांवरचे अनुभव ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केले, आणि १९५७ साली त्यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. पण तिच्यातल्या रेसरपिन या द्रव्याने नाक चोंदते, सुस्ती येते आणि काहींना खोल नैराश्यही येते, म्हणून आता त्याहून सुरक्षित औषधे असताना ती क्वचितच वापरतात. बाजारातल्या चूर्णात ती किती आहे हे पाकिटावरून कळत नाही, आणि चालू गोळ्यांवर ती घेतल्यास दाब अवाजवी घसरू शकतो.

१८०/१२० दिसला तर

यंत्राने १८०/१२० किंवा त्याहून जास्त दाखवले तर आधी माणसाकडे पाहावे, मग यंत्राकडे. छातीत दुखणे किंवा आवळल्यासारखे वाटणे, दम लागणे, तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोबडे बोलणे, अचानक दिसेनासे होणे, भान हरपणे यांपैकी काहीही असेल तर पुन्हा मोजत न बसता १०८ ला फोन करावा. ही लक्षणे असतील तर आकडा १५० असला तरी हेच करावे.

लक्षण एकही नसेल तर शांत बसवून पाच मिनिटांनी पुन्हा मोजावे. बऱ्याचदा आकडा उतरतो. तरीही तितकाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे, आजची गोळी राहिली असेल तर तसे सांगावे, आणि त्यांनी सांगितल्याशिवाय जादा गोळी देऊ नये. निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली देण्याची जुनी पद्धत अजूनही काही घरांत ठाऊक असते. तिने दाब एकदम कोसळून मेंदूचा आणि हृदयाचा रक्तपुरवठा तुटू शकतो, म्हणून ती कधीच सोडून दिली गेली आहे.

वहीच्या शेवटच्या पानावर चालू गोळ्यांची नावे व मात्रा, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ते, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास त्याची नोंद, आणि घरातल्या दोन माणसांचे फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत. वही यंत्राच्या डब्यातच ठेवावी, कपाटात आत नको. वर्षातून एकदा डबा आणि वही दोन्ही घेऊन दवाखान्यात जावे, तिथल्या आणि आपल्या यंत्रावर एकापाठोपाठ मोजून घ्यावे, आणि फरक ५ ते १० पेक्षा जास्त येत राहिला तर आधी सेल बदलून पाहावेत, मग पट्टा, आणि शेवटी यंत्र.